वाजताना गप्प, थांबल्यावर किंचाळी

स्नेहसंमेलनात एक प्रसंग ठरलेलाच असतो. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहतात, माइक जरा जवळ ओढतात आणि सभागृहात कानठळ्या बसवणारी शिट्टी घुमते. पाहुणे दचकतात, मुले हसतात, माइकवाला धावत येऊन कुठलेसे बटण फिरवतो. शिट्टी थांबते आणि भाषण सुरू होते. ही शिट्टी आली कुठून, असे त्यानंतर कोणी विचारत नाही. आम्हीही कित्येक वर्षे विचारले नव्हते. विचारायची वेळ एका गिटारमुळे आली.

एक तालीम आणि चार निदाने

छत्रपती संभाजीनगरमधील (पूर्वीचे औरंगाबाद) शहागंज हा जुना, गजबजलेला बाजारभाग. तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून पायी जाता येईल अशा एका शाळेत स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम होती. आम्ही, म्हणजे विज्ञान शिकवणारे दोघे शिक्षक, व्यवस्था पाहायला गेलो होतो. समूहगीताला पेटी, ढोलकी आणि अकरावीतल्या एका मुलाची इलेक्ट्रिक गिटार अशी साथ होती. गिटार कोणीतरी वापरलेली, पैसे साठवून घेतलेली. तिचा आवाज खरखरीत आणि भरदार करणारी एक डबी त्याच्या पायाशी होती. वादक मंडळी तिला ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात.

अडचण चमत्कारिक होती. मुलगा जोरात वाजवत असे तोवर सगळे सुरळीत. गाण्यात शांत जागा आली, त्याने हात उचलला, की गिटार आपोआप बोलू लागे. आधी बारीक सूर, मग तो वाढत जाई आणि पाहता पाहता किंचाळीच. वाजवताना गप्प आणि थांबल्यावर किंचाळी!

संगीताच्या बाई म्हणाल्या, “उद्या पालकांसमोर हे नको. गिटार राहू दे, पेटी पुरे आहे.” माइकवाले चाचा म्हणाले, “सर, आपला सेट एकदम ओके आहे. गिटारमध्येच काहीतरी लोचा आहे.” मुलाचे म्हणणे वेगळे. “सर, घरी एकदाही असं होत नाही. स्पीकरच खराब असणार.” त्याच्या एका मित्राने फोनवरूनच सांगून टाकले, “पिकअप बदल.”

चार माणसे, चार निदाने. प्रत्येकाने कुठल्यातरी एका वस्तूकडे बोट दाखवले होते. बाईंनी आम्हाला तासाभराची मुदत दिली. तेवढ्यात उलगडा झाला नाही, तर मुलाचे नाव कार्यक्रमातून जाणार होते.

गिटारला कान नसतो

शोध घ्यायचा, तर आधी वाद्य समजून घ्यायला हवे. साध्या गिटारची लाकडी पेटी तारेचा आवाज मोठा करते. इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते, त्यामुळे तिचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण. आवाज निर्माण करण्याचे काम तारांखाली बसवलेला पिकअप करतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. ही तार साधारण 0.06 मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी असते.

गिटारची पोलादी तार चुंबकाजवळ असल्याने स्वतःही थोडी चुंबकित होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. दहावीच्या वर्गात आपण वेटोळ्यात चुंबक मागे-पुढे करून गॅल्व्हानोमीटरचा काटा हलवतो, त्याच प्रयोगाचे हे रूप. अमेरिकेत जॉर्ज बोशॅम्प आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा पिकअपची गिटार बाजारात आणली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. माइक हवेतला आवाज टिपतो, पिकअप तारेची हालचाल टिपतो. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या, तर हा पिकअप मुका होतो. मग स्पीकरचा आवाज पिकअपपर्यंत पोचतो कसा?

उत्तर आपल्या सतारीत आहे. सतारीवर वरची तार छेडली, की खालच्या तरफेच्या तारा कोणी हात न लावता गुणगुणतात, कारण त्या त्याच सुरात लावलेल्या असतात. यालाच अनुस्पंदन म्हणतात. मोठ्या स्पीकरसमोर धरलेल्या गिटारच्या तारांचेही असेच होते. हवेतली कंपने तारांना आणि लाकडाला हलवतात. ती हालचाल पिकअप टिपतो, ॲम्प्लिफायर मोठी करतो, स्पीकर ती हवेत सोडतो आणि हवा ती पुन्हा तारांना देते. तार, पिकअप, डबी, ॲम्प्लिफायर, स्पीकर, हवा आणि परत तार. वर्तुळ पूर्ण झाले! बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरण्याच्या या क्रियेला ‘फीडबॅक’ किंवा मराठीत ‘पुनःप्रदाय’ म्हणतात. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून ध्वनीच्या बाबतीत तिला ‘लार्सन परिणाम’ असेही नाव आहे.

फेरा आणि झोका

वर्तुळ असले म्हणजे किंचाळी होतेच असे नाही. तसे असते, तर प्रत्येक गिटार सदैव ओरडत राहिली असती. त्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात.

पहिली अट हिशेबाची. समजा, आवाजाला वर्तुळाचा एक फेरा पुरा करायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो आणि प्रत्येक फेऱ्यात तो 0.9 पट होतो. अर्ध्या सेकंदात 50 फेरे होतील आणि आवाज मूळच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका उरेल. म्हणजे तो विरून गेला. आता बटण किंचित फिरवून 0.9 चे 1.1 करा. तेवढ्याच 50 फेऱ्यांत आवाज सुमारे 117 पट होईल! शांतता आणि किंचाळी यांच्यामधली सीमा इतकी अरुंद आहे. ती सीमा म्हणजे एक. फेऱ्याची वाढ एकाहून कमी असेल तर आवाज मरतो, जास्त असेल तर फोफावतो. तो अनंत होत नाही, कारण ॲम्प्लिफायरची ताकद संपते आणि किंचाळी एका पातळीवर स्थिरावते.

दुसरी अट वेळेची. झोपाळ्याला धक्का द्यायचा, तर तो पुढे जायला निघतो त्या क्षणी द्यावा लागतो. भलत्या वेळी दिलेला धक्का झोका थांबवतो. परतून आलेली ध्वनिलहरही आधीच्या लहरीच्या तालात यावी लागते. स्पीकर गिटारपासून 3.4 मीटरवर असेल आणि ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर धरला, तर आवाजाला पोचायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात ज्यांची पूर्ण आंदोलने होतात अशा लहरी, म्हणजे 100, 200, 300 हर्ट्झ कंप्रतेच्या, तालात परततात. उपकरणांमुळेही थोडी दिरंगाई होते, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे जरा सरकतात. पण दोन-चार पावले मागे-पुढे झाल्यावर शिट्टीचा सूर का बदलतो, हे यावरून कळते.

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख बार्कहाउझेन यांनी 1921 मध्ये या दोन अटी मांडल्या. गिटारच्या बाबतीत तिसरीही एक गोष्ट जोडली जाते. सूर तारेला मानवणारा हवा. गिटारच्या मोकळ्या तारा सुमारे 82, 110, 147, 196, 247 आणि 330 हर्ट्झने कंप पावतात. या कंप्रता आणि त्यांच्या पटी यांपैकी जी परतीच्या तालात बसते, ती फोफावते. म्हणून माइकची शिट्टी कर्कश वाटते, तर गिटारची पुष्कळदा सुरेल निघते.

मुलाच्या घरी हे का होत नव्हते, याचाही उलगडा झाला. घरी स्पीकर लहान, आवाज कमी. फेऱ्याची वाढ एकाच्या आत. सभागृहात आवाज मोठा, त्यात वर पत्रा आणि चारी बाजूंनी मोकळ्या भिंती. थेट आवाजाबरोबर भिंतींवरून परतणारा आवाजही तारांवर येऊन पडत होता. चाचांचा सेट चांगला होता आणि गिटारही चांगली होती. त्यांचे वर्तुळ तेवढे एकाच्या पुढे गेले होते.

थांबल्यावरच का?

मूळ कोडे मात्र शिल्लक होते. हात थांबल्यावरच गिटार का ओरडते? याचे गुपित त्या डबीत होते.

डिस्टॉर्शनची डबी येणारा विद्युतसंकेत भरपूर मोठा करते, पण एका मर्यादेपर्यंतच. मर्यादेच्या वरचा भाग ती छाटून टाकते. त्या छाटण्यातूनच खरखरीत, भरदार आवाज निघतो. उदाहरणादाखल असे धरू, की डबी संकेत 100 पट करते आणि मर्यादा 500 मिलिव्होल्टची आहे. संकेत 1 मिलिव्होल्टचा असेल, तर 100 मिलिव्होल्ट बाहेर येतात, म्हणजे पूर्ण 100 पट. संकेत 100 मिलिव्होल्टचा असेल, तर बाहेर 500 च येतात, म्हणजे फक्त 5 पट.

मुलगा जोरात वाजवतो तेव्हा डबी भरलेली असते. स्पीकरकडून परतलेल्या नाजूक कंपनांना तिच्यात वाढायला वाव मिळत नाही. तो थांबला, मोठा संकेत गेला, की डबी लहानसहान हालचालीला पुन्हा 100 पट करू लागते. शिवाय वाजवताना बोटांमुळे बऱ्याच तारा दाबलेल्या असतात. हात उचलताच सहाही तारा मोकळ्या होतात, जणू सहा तरफा. किंचाळीसाठी याहून चांगली संधी ती कोणती!

एका वेळी एकच बदल

कारण कागदावर समजले, पण या गिटारमध्ये तेच घडते आहे हे कशावरून? इथे आम्ही प्रयोगशाळेचा नियम पाळला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झाले ते लिहायचे, मग ती पूर्ववत करून पुढची बदलायची. वही मुलाच्याच हाती दिली.

पहिली चाचणी. शिट्टी चालू असताना गिटारवरील आवाजाचे बटण शून्यावर आणले. शिट्टी बंद. म्हणजे वर्तुळ गिटारमधून जात होते. ती चालूच राहिली असती, तर गायकांच्या माइककडे पाहावे लागले असते.

दुसरी चाचणी. बटण पुन्हा वर नेले आणि तळहात सगळ्या तारांवर टेकवला. भरदार सूर तात्काळ थांबला. पण त्याच्यामागे लपलेली एक बारीक, उंच ‘कीं’ उरलीच. आम्हाला हे अपेक्षित नव्हते. तारा स्तब्ध असताना पिकअप काय टिपत होता?

तिसरी चाचणी. आवाज कमी करून पिकअपच्या कडेवर पेन्सिलीने हलकेच टकटक केले. स्पीकरमधून स्पष्ट ‘टक टक’ ऐकू आले. मग मुलाने पिकअपजवळ तोंड नेऊन “हॅलो” म्हटले, तर तेही पुसटसे उमटले. जुन्या पिकअपमधले वेढे सैल झाले होते. आवाजाने ते वेढेच चुंबकाजवळ थरथरत होते आणि पिकअप माइकसारखा वागू लागला होता. म्हणजे वर्तुळे दोन होती, एक तारांमधून जाणारे आणि दुसरे सैल वेढ्यांमधून.

चौथी चाचणी. मुलगा स्पीकरच्या अगदी समोर, हातभर अंतरावर उभा होता. त्याला तिथून दूर, स्पीकरच्या बाजूला नेले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले, की आवाजाचा दाब निम्मा होतो, म्हणजे सुमारे 6 डेसिबल घट. सभागृहात परावर्तनामुळे एवढा फायदा मिळत नाही, तरी भरदार सूर उठणे थांबले.

पाचवी चाचणी. मुलगा मूळ जागी आला आणि डबीचे बटण 9 वरून 5 वर आणले. उंच ‘कीं’ही गेली.

मग उपाय ठरले, आणि एकालाही पैसा लागला नाही. मुलाने स्पीकरच्या बाजूला उभे राहायचे. डबी पाचावर ठेवायची आणि शांत जागेत पायाने बंद करायची. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे थांबताना हात तारांवरून उचलायचा नाही, टेकवून ठेवायचा. पिकअप बदलण्याचीही गरज नव्हती. सैल वेढे मेणात बसवता येतात. पुढच्या रविवारी गिटारदुरुस्तीची माहिती असलेल्या एका गृहस्थांकडून पिकअप सोडवून घेतला आणि मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात वितळवून, तापमापी लावून, 65 अंश सेल्सिअसच्या आसपास राखले. त्यात पिकअप बुडवला तेव्हा वेढ्यांमधली हवा बुडबुड्यांनी बाहेर आली आणि मेण आत शिरले. मेण कधीही थेट आचेवर ठेवू नये, ते पेट घेते. तापमान फार वाढले तर पिकअपचे प्लास्टिकही वाकडे होते.

पोकळ अंगाच्या गिटारला आणखी एक खोड असते. तिच्या पेटीतली हवा स्पीकरच्या खर्जाला साथ देते आणि ‘घूं’ असा जाड आवाज उठतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर होतो, तसाच हा प्रकार. अशा गिटारच्या छिद्रात फडके किंवा स्पंज बसवला, की पुष्कळदा काम भागते.

शिट्टीपेक्षा मोठा दोष

दोन्ही शिट्ट्या गेल्यावर एक आवाज उघडा पडला. स्पीकरमधून सतत ‘घुंई’ येत होती. तिच्याकडे आतापर्यंत कोणाचे लक्ष नव्हते.

ती फीडबॅक नव्हती. फीडबॅक वाढत जातो आणि जागा बदलली की बदलतो. ही घुंई वाढत नव्हती, सूर बदलत नव्हती. आपल्याकडच्या वीजपुरवठ्याची कंप्रता 50 हर्ट्झ आहे. ट्रान्सफॉर्मर, पंखे, ट्यूबलाइट यांच्या भोवतीचे बदलते चुंबकीय क्षेत्र पिकअपचे वेटोळे टिपते आणि 50, 100 हर्ट्झचा घुमारा ऐकू येतो. गिटार हातात धरून जागच्या जागी वळले, की तो कमी-जास्त होतो. यावर उपाय म्हणून सेथ लव्हर यांनी उलट-सुलट जोडलेल्या दोन वेटोळ्यांचा पिकअप बनवला. 1955 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959 मध्ये ते मिळाले. या पिकअपने घुंई कमी होते, फीडबॅक मात्र थांबत नाही. दोन आजार वेगळे, औषधेही वेगळी.

आम्ही मुलाला वळायला सांगितले. घुंई फारशी बदलली नाही. तेव्हा तो सहज बोलून गेला, “सर, गाताना माइकला ओठ लागला की मुंग्या येतात.”

आम्ही लगेच सगळे बंद करायला लावले. गिटारच्या तारा आतल्या वायरने ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि सांगाडा तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीला, म्हणजे अर्थिंगला जोडलेला असावा लागतो. मुलाच्या ॲम्प्लिफायरचा प्लग उघडला, तर अर्थिंगची हिरवी वायर कापलेली! कधीकाळी कोणीतरी घुंई घालवण्यासाठी हा ‘उपाय’ केला होता. दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडली गेली, की त्यांच्यामधल्या वायरींचे एक विजेचे वर्तुळ बनते आणि घुंई येते. अर्थिंग तोडले की ती थांबते, म्हणून ही युक्ती पसरते. आमच्याकडे ती तोडूनही घुंई राहिलीच होती, कारण आता सांगाडाच अधांतरी होता.

मल्टिमीटरने गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांमध्ये 110 व्होल्टच्या आसपास दाब दाखवला. हा गळतीचा दाब होता. त्यातून वाहणारा प्रवाह अल्प असतो, म्हणून मुंग्यांवर भागले. पण ॲम्प्लिफायरमधले विद्युतरोधन कधी फाटले असते, तर 230 व्होल्टचा पूर्ण दाब तारांवर आला असता. मुलाचा एक हात तारांवर, ओठ माइकला आणि प्रवाहाची वाट छातीतून. ही भीती पोकळ नाही. ‘स्टोन द क्रोज’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वान्सी शहरात रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. माइकला हात लावताच त्याला धक्का बसला होता, कारण व्यवस्थेत अर्थिंग नीट नव्हते.

चाचा गंभीर झाले. म्हणाले, “सर, सकाळी वायरमन येऊ दे. अर्थिंग होईपर्यंत मी याची लाइन जोडणार नाही.” तसेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वायरमनने प्लग बदलला, बोर्डाचे अर्थिंग तपासले आणि गिटारचा ॲम्प्लिफायर व माइकचा सेट एकाच बोर्डावर घेतला. दोघांचे अर्थिंग एका जागी आल्यावर घुंईही जवळजवळ गेली. तारा आणि माइक यांमध्ये मीटरने शून्य दाखवले. मगच मुलाने गिटार गळ्यात घातली. संध्याकाळी समूहगीत झाले आणि शांत जागेत खरोखर शांतता होती. बाईंनी गिटारचा तुकडा दोनदा वाजवून घेतला.

शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे. घुंई आली म्हणून अर्थिंग कधीही तोडू नये. मुंग्या आल्या, तर मुख्य स्विच आधी बंद करावा आणि जाणकार वायरमनला बोलवावे. रंगमंचाच्या वीजजोडणीला 30 मिलिॲम्पिअरच्या गळतीला तुटणारे संरक्षक यंत्र (आर.सी.सी.बी.) बसवून घ्यावे. ॲम्प्लिफायर विद्यार्थ्यांनी उघडू नये; त्यातले धारित्र प्लग काढल्यावरही भारित राहू शकते.

हीच शिट्टी, दुसऱ्या ठिकाणी

वर्तुळ एकदा ओळखता आले, की ते जागोजागी दिसू लागते. शहागंजातच पाहा. शेजारच्या राजाबाजारातील संस्थान गणपतीपासून विसर्जन मिरवणूक निघते. महाराष्ट्रातल्या अशा मिरवणुकांत बँजो पार्टी असायचीच. आपला हा बँजो म्हणजे बुलबुल तरंग. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये बनवलेले ताइशोगोतो हे त्याचे मूळ. त्याच्या तारांखाली पिकअप बसवून आवाज गाडीवरच्या कर्ण्यांना देतात. म्हणजे तार, पिकअप, ॲम्प्लिफायर, स्पीकर हे सगळे हाताच्या अंतरावर. मैदानात आवाज पसरून जातो; अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूंच्या भिंती तो परत पाठवतात. म्हणून कर्णे वादकांच्या पुढे आणि तोंडे पुढच्या दिशेला ठेवणे, हा केवळ शिरस्ता नाही, त्यात विज्ञान आहे.

माइकचेही तेच. शिट्टी वाजली की वक्ता घाबरून माइकचे डोके मुठीत धरतो आणि शिट्टी वाढते. बरेचसे माइक समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेतात. त्यासाठी जाळीच्या मागच्या बाजूने हवेला वाट ठेवलेली असते. मुठीने ती बुजली, की माइक चहूबाजूंचा आवाज घेऊ लागतो, स्पीकरचासुद्धा. अशा वेळी मूठ सोडावी, माइक तोंडाजवळ आणावा आणि स्पीकरकडे त्याची पाठ करावी.

आणि काहींना हीच किंचाळी हवी असते. बीटल्सच्या 1964 मधील ‘आय फील फाइन’ या गाण्याची सुरुवातच गिटारच्या फीडबॅकने होते. जिमी हेंड्रिक्स मुद्दाम स्पीकरसमोर उभा राहून, पावलाने अंतर आणि बोटाने तार सांभाळत, त्या वर्तुळातून सूर काढत असे. ज्याला वर्तुळ कळले, त्याला ते तोडताही येते आणि वाजवताही येते.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेचा माइक आणि स्पीकर मैदानात न्या. आवाजाचे बटण अगदी कमी ठेवा. एका विद्यार्थ्याने माइक स्पीकरकडे धरून दहा मीटरवरून हळूहळू जवळ यावे. शिट्टीची चाहूल लागताच थांबून अंतर मोजावे आणि लगेच मागे व्हावे. बटणाच्या तीन वेगवेगळ्या स्थानी अंतर मोजून तक्ता करा. मग हाच प्रयोग माइकची पाठ स्पीकरकडे ठेवून, जाळी मुठीत धरून आणि शेवटी वर्गखोलीत करा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. मोठ्या आवाजात हा प्रयोग करू नका. कानांना इजा होते.

तक्ता पुरा झाल्यावर मुलांना विचारा, “दोष माइकमध्ये होता की स्पीकरमध्ये?” थोडा वेळ वाद होऊ द्या. आमच्या त्या विद्यार्थ्याने वहीत चाचण्यांच्या खाली एक रेघ मारून लिहिले होते, “कोण खराब आहे ते विचारू नये. आवाज कुठून कुठे जातो ते विचारावे.” ती वही आता आमच्या प्रयोगशाळेत असते. पुढच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी चाचांनीच ती मागून नेली.